हिरोनची एक दिवसाची सहल: गाइड उत्तम, वेळ अपुरा

क्युबात जाणार असाल तर एक दिवस हिरोन या किनाऱ्यावरच्या गावासाठी राखून ठेवाच. जवळच्या प्लाया लार्गा गावाहून गाडी आणि गाइड मिळतात. 'बे ऑफ पिग्ज'ची लढाई याच किनाऱ्यावर झाली.

आमची गाइड साठीतली. तिचे वडील सापाताच्या दलदलीत कोळसा पाडायचे. फिडेल कास्त्रोच्या क्रांतीनंतर १९५९च्या ऑक्टोबरात मिलिशिया, म्हणजे सामान्य नागरिकांचं सशस्त्र दल, उभी राहिली आणि त्यांनी नाव घातलं. "बंदूक शेवटी यायची, आधी चालायचं," असं ती म्हणाली. प्रवेशाची एक परीक्षा म्हणजे ६२ किलोमीटर चालणं! हे ऐकताना मला माझी एनसीसी आठवली. पाच गोळ्या झाडायला मिळाव्यात म्हणून आम्ही कित्येक आठवडे नुसती कवायत केली होती. 'लोकांच्या हाती शस्त्रं दिली' हे वाक्य मी सहज वाचून जायचे. त्यामागे केवढी तयारी होती, हे तिथे उमगलं.

१७ एप्रिल १९६१च्या पहाटे कास्त्रोचं सरकार पाडण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने ग्वाटेमालात तयार केलेले सुमारे १,४०० निर्वासित क्युबन इथे उतरले. प्लाया लार्गाच्या चौकीवरच्या मोजक्या मिलिशियावाल्यांनी पकडले जाण्याआधी वायरलेसवरून खबर दिली. सिएनफुएगोसची ३३९वी बटालियन, म्हणजे कालपरवापर्यंत कामावर जाणारी माणसं, सुरुवातीलाच लढाईत उतरली. विमानविरोधी चारतोंडी तोफांवर तर कोवळी पोरं होती. गाइडने हे सगळं रस्त्याकडेच्या स्मारकांपाशी गाडी थांबवून सांगितलं. जिथे जो पडला तिथेच त्याचं स्मारक आहे. गाडीतून न उतरता पुढे जाऊ नका.

हिरोनच्या संग्रहालयाबाहेर क्युबाच्या हवाई दलाचं सी फ्युरी लढाऊ विमान उभं आहे. आत मात्र मी खिळून राहिले ती पांढऱ्या बुटांसमोर. ते नेमेसिया नावाच्या मुलीचे. हल्लेखोरांच्या विमानातून झालेल्या गोळीबारात तिची आई गेली आणि नव्या बुटांना भोकं पडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता तक्रार. गाडीवाल्याला परतायची घाई होती, त्यामुळे संग्रहालयाला जेमतेम अर्धा तास मिळाला. दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच दिवसांत सरकारने हजारो संशयितांना धरून थिएटरांत, स्टेडियममध्ये कोंडलं होतं. त्याबद्दल विचारल्यावर गाइडने "तो युद्धाचा काळ होता" एवढंच म्हणून विषय बदलला. वडिलांबद्दल इतक्या मायेने बोलणाऱ्या बाईकडून मला पूर्ण उत्तर हवं होतं. शेजाऱ्याच्या हाती रायफल आणि आपल्या दाराला पोलीस, हेही क्युबातल्याच घरांनी पाहिलं. उतरलेले बहुतेक जणही क्युबनच होते. ७२ तासांच्या आत ते हरले. सुमारे १,२०० जण कैद झाले आणि डिसेंबर १९६२मध्ये ५ कोटी ३० लाख डॉलरची औषधं आणि अन्न यांच्या बदल्यात सुटले.

तरीही मी याच गाइडबरोबर पुन्हा जाईन. कोळसा पाडणाऱ्या माणसाला सरकारने रायफल दिली आणि त्याने ती त्याच सरकारसाठी चालवली, हे त्याच्या लेकीच्या तोंडून ऐकायला मिळालं. गाडी ठरवताना संग्रहालयासाठी दोन तास आधीच बोलून घ्या. एप्रिलच्या सुमारास गेलात तर सकाळी लवकर निघू नका, तेव्हा लाल खेकडे रस्ता ओलांडत असतात आणि टायरखाली येतात.