अडीच एचपी आउटबोर्ड, वेफेअररवर दोन मोसम: सगळं त्या जेटवर अडतं

वेफेअरर ही माझी शिडाची होडी, आणि आउटबोर्ड म्हणजे तिच्या मागे टांगायचं इंजिन. ते बंद पडायला लागल्यावर सर्व्हिसवाल्याने ‘पूर्ण कार्बोरेटर बदलावा लागेल’ म्हणत जो आकडा सांगितला, तो ऐकूनच हे लिहायला घेतलं. त्याने बाऊल (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

लक्षण असं: चोक ओढला की चालू, चोक आत केला की बंद. रेस केली तर मस्त पळतं. म्हणजे स्लो जेट (इंजिन हळू चालताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) तुंबलाय. घरी आणून बाऊल उतरवला, पितळी जेट काढून उजेडात धरला तर आरपार काही दिसेना. आत हिरवट चिकट थर होता. कार्ब क्लीनर मारला, वायरमधली तांब्याची एक बारीक तार अलगद फिरवली (पोलादी तार नको, भोक मोठं होतं), आणि पलीकडचा उजेड दिसला. बसवल्यावर पहिल्याच ओढीत चालू. खर्च फक्त क्लीनरच्या डब्याचा.

कारण पेट्रोल. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल ओलावा ओढतं. गाडीची टाकी काही दिवसांत रिकामी होते. आपलं मशीन रविवारपुरतं, बाकी वेळ खाडीकाठच्या दमट हवेत. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं की पुरे, असं मी सगळ्यांना सांगत आलो. आता नाही सांगत. बाऊलच्या तळाशी थोडं उरतंच आणि तेच सुकून जेटमध्ये बसतं. बाऊलखालचा ड्रेन स्क्रू सैल करून शेवटचा थेंबही बाटलीत काढा.

ताकदीबद्दल मात्र तक्रार नाही. रेवदंड्याला संध्याकाळी खारा वारा पडतो, त्यात ओहोटी लागली की पाणी कोर्लईच्या बाजूला ओढतं. उधाणाच्या दिवसांत वल्ह्याने काही होत नाही, हे मशीन मात्र आणतं. पाच एचपी घ्या म्हणणारे भेटतील. १६ फुटी होडी पाण्यात बसून जाते तेव्हा पाच नॉटच्या आसपासच थांबते, जास्त ताकद वाया. शिवाय हे १३-१४ किलोचं, एका हाताने उतरतं; पाचचं मागे टांगलं की होडी मागून बसते.

शाफ्ट (इंजिनापासून खाली पंख्यापर्यंतचा दांडा) २० इंचीच घ्या. शीड उतरवायला कुणी पुढे गेलं की मागची बाजू उचलते, १५ इंचीचा पंखा हवा खातो आणि इंजिन नुसतं किंचाळतं.

बसवताना मधली जागा सुकाणूची, म्हणून मशीन डावीकडे. ट्रान्समच्या (होडीच्या मागच्या सपाट बाजूच्या) आतून-बाहेरून मरीन प्लायची फळी, आरपार स्टेनलेस स्टीलचे (एसएस ३१६) बोल्ट, भोकांत सीलंट. क्लॅम्पचे स्क्रू हादऱ्याने सैल होतात, तेव्हा जाड दोरीने मशीन होडीला बांधाच. रिव्हर्स गिअर नाही, अख्खं मशीन उलटं फिरवायचं. सुरुवातीला याचा राग यायचा, आता जेट्टीला लागताना तेच सोयीचं वाटतं. फक्त फिरताना पंखा सुकाणूच्या पात्याला लागणार नाही एवढं अंतर फळी ठोकायच्या आधी मोजा. जाइब करताना (वारा मागून असताना शीड एका बाजूने दुसऱ्या बाजूला घेताना) मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी, मशीनच्या डोक्यात अडकते, त्यावर मला अजून धड उपाय सापडलेला नाही.

पावसाळ्याआधी गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून, टाकी आणि बाऊल कोरडे करून घरात उभं ठेवणार आहे. एक जादा स्लो जेट आणि बाऊलचं गॅस्केट मागवलंय.