मागची बॅटरी आल्टरनेटरवर चार्ज करायची : रिले लावू की डीसी-डीसी चार्जर?

मागची बॅटरी म्हणजे फ्रिज वगैरे चालवायला गाडीत मागे ठेवलेली दुसरी बॅटरी. इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या आल्टरनेटरवर ती भरायला दोन मार्ग : दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच, म्हणजे रिले, किंवा व्होल्टेज आणि करंट स्वतः ठरवणारा डीसी-डीसी चार्जर. सोलापूरहून तुळजापूर ४५ किलोमीटर, तासाभराचा रस्ता. तेवढ्यात ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर मागच्या बॅटरीत जवळपास ३० अँपिअर-तास भरतो. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज तेवढ्यावर पाऊण दिवस निघतो. रिलेचं असं छातीठोक सांगता येत नाही. सुरुवातीला करंट धो-धो जातो, मग ओसरत जातो.

तरीही रिलेला हसू नका. पुढच्या बॅटरीचं व्होल्टेज १३.३ च्या पुढे गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ ला सोडतो. स्वस्त आहे, आणि बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही. जुनी गाडी, आल्टरनेटर कायम १४ व्होल्टच्या वर आणि मागे ट्युब्युलर किंवा एजीएम (दोन्ही लेड-ॲसिडचेच प्रकार) बॅटरी, एवढं जुळत असेल तर चार्जरचे पैसे वाचवा आणि ते वायरीत घाला.

कारण ‘रिले लावला पण बॅटरी भरत नाही’ या तक्रारीत दोष बहुतेक वेळा वायरीचा असतो. बोनेटपासून मागच्या बाकापर्यंत सहा मीटर धरा. प्लस आणि अर्थ दोन्ही ओढल्यावर बारा मीटर. १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर ३५ अँपिअरला त्यात पाऊण व्होल्ट गळतो, हाच ड्रॉप. १४.२ निघालेले मागे १३.५ पोचतात, आणि लेड-ॲसिडला पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात. भरत आल्यावर करंट घटतो, तसा ड्रॉपही घटतो. पण तोवर तुम्ही मुक्कामी पोचलेले असता. २५ ची वायर टाकली की ड्रॉप ०.३ वर येतो. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, मात्र हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या, हातोडीने ठोकलेलं थिंबल तापतं.

दोन ठिकाणी रिले नकोच. पहिलं, स्मार्ट आल्टरनेटर, म्हणजे गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करणारा, जो बऱ्याच बीएस-६ गाड्यांत असतो. ओळखायला सिगारेट सॉकेटमध्ये व्होल्टमीटर लावा आणि अर्धा तास गाडी चालवा. सपाटीवर आकडा १२.६ ते १३ वर बसला आणि तुळजापूरच्या घाटात उतरताना पाय काढल्यावर १४.८ कडे उडी मारली, तर तो स्मार्टच. अशा गाडीत रिले सारखा जोडतो-सोडतो.

दुसरं, लिथियम. रिकामी लिथियम बॅटरी देईल तेवढा करंट ओढते. इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी करून नुसतं चालू असेल तर आल्टरनेटरचा पंखा मंद असतो आणि डायोड भाजतात. सोलापूरच्या मे महिन्यात तर बोलायलाच नको. शिवाय भरलेली लिथियम इंजिन बंद केल्यावरही १३.२ च्या वर राहते, म्हणून रिले सुटतच नाही.

डीसी-डीसी चार्जर करंटला लगाम घालतो आणि आत काहीही आलं तरी बाहेर बॅटरीला हवं तेच व्होल्टेज देतो. ३० अँपिअर द्यायला तो आल्टरनेटरकडून साधारण ३५ घेतो. १६ चौरस मिलिमीटरची वायर आणि ६० अँपिअरचे दोन फ्यूज लावा. दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून दोन्हीकडे, टर्मिनलपासून वीतभराच्या आत. आल्टरनेटर ७० अँपिअरचा असेल आणि एसी चालत असेल, तर २० चाच चार्जर घ्या. स्मार्ट आल्टरनेटर असेल तर चार्जरला इंजिन चालू असल्याचा सिग्नल द्यावा लागतो. नुसत्या व्होल्टेजवर ठेवलात तर भर रस्त्यात बंद पडेल. पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असेल तर अर्थ टर्मिनलवर नको, चॅसिसवर घ्या.

चार्जर बोनेटमध्ये किंवा बंद बाकात कोंबू नका. तापला की स्वतःहून करंट कमी करतो, आणि ३० चे १५ कधी झाले ते कळतही नाही. चारी बाजूंनी १० सेंटिमीटर हवा ठेवा.

वारीच्या दिवसांत पंढरपूरला तीन दिवस गाडी एका जागी उभी राहणार असेल, तर रिले काय आणि चार्जर काय, इंजिन बंद असताना दोन्ही सारखेच बिनकामाचे. तिथे आयडलवर डिझेल जाळण्यापेक्षा छतावर २०० वॅटचं पॅनेल टाका. ऊन असेल त्या दिवशी ५० अँपिअर-तासांच्या आसपास मिळतात.