सासूबाईंच्या अक्षराचा म्हणून विकलेला फुकटचा फॉन्ट

खान्देशात बिबडे, पापड, काळा मसाला घरी करून विकणाऱ्या बऱ्याच जणी आता स्वतःची वेबसाइट करून घेताहेत. पुण्याला, सुरतेला गेलेली आपलीच माणसं ऑर्डर देतात, हंगामात चांगली विक्री होते. अशा सगळ्या जणींसाठी हे लिहितेय, कारण ज्या वेबसाइट डिझायनरने आम्हाला फसवलं तो आता धुळ्याकडेही कामं घेतोय असं कानावर आलंय.

मी आणि माझी जाऊ अमळनेरला हे काम करतो. मसाल्याची सगळी मापं सासूबाईंच्या जुन्या वहीतली. डिझायनर घरी आला, त्याने ती वही चाळली आणि म्हणाला, "ताई, हे अक्षर म्हणजे तुमचं भांडवल. याचाच फॉन्ट बनवतो. जगात दुसऱ्या कोणाकडे नसेल." वेबसाइटचे पैसे वेगळे, फॉन्टचे २२,००० वेगळे. पावतीवर स्वच्छ लिहून दिलं: हस्ताक्षरावरून खास तयार केलेला फॉन्ट, सर्व हक्कांसह. वहीच्या दोन-चार पानांचे मोबाइलवर फोटो काढले, सासूबाईंच्या पाया पडला आणि गेला.

वेबसाइट आली तेव्हा दिसायला छानच होती. सासूबाईंना फोनवर दाखवली. त्यांनी चष्मा नीट केला, 'बिबडे' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हाई मन्हं अक्षर नई शे." मी वही आणून शेजारी ठेवली. त्यांच्या हातचा पहिला 'ब' पोटाने मोठा, दुसरा जागा पुरत नसल्यासारखा आवळलेला, आणि शिरोरेघ सगळा शब्द लिहून झाल्यावर एका ओढीत मारलेली, शेवटी किंचित खाली उतरलेली. स्क्रीनवर दोन्ही 'ब' हुबेहूब एकच. नुसतं तेवढ्यावरून चोरी ठरत नाही, कारण फॉन्टमध्ये एक अक्षर एकदाच काढतात आणि तेच पुन्हा पुन्हा येतं. चांगले कारागीर एकाच अक्षराची दोन-तीन रूपं घालतात, पण ते सगळेच करत नाहीत. खरी गोष्ट ही की त्यातलं एकही वळण वहीतल्या वळणाशी जुळत नव्हतं. विचारल्यावर तो म्हणाला, "कॉम्प्युटरमध्ये गेल्यावर अक्षर थोडं बदलतं." हे साफ खोटं आहे. कागदावरच्या अक्षराची कड गिरवूनच फॉन्ट बनतो.

माझ्या भाच्याने मग लॅपटॉपवर क्रोममध्ये पान उघडलं, शीर्षकावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' केलं आणि 'कम्प्युटेड' मध्ये अगदी खाली गेला. तिथे वापरात असलेल्या फॉन्टचं नाव येतं. फाइलला नाव सासूबाईंचं दिलं होतं, आत मात्र निघाला 'कलम'. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा हस्ताक्षरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर कोणालाही फुकट मिळतो. त्याचा परवाना, ओपन फॉन्ट लायसन्स, धंद्यातही वापरू देतो. फक्त नुसता फॉन्ट विकायला त्यात मनाई आहे. फॉन्ट सुंदर आहे, ज्यांनी घडवला त्यांचे उपकारच आहेत. वेबसाइटवर तो बसवून देण्याची मजुरी मागितली असती तर ती आम्ही आनंदाने दिली असती. त्याने एका म्हाताऱ्या बाईच्या हाताचं नाव लावून दुसऱ्याचं काम विकलं, याचा मला राग आहे.

हस्ताक्षराचा देवनागरी फॉन्ट खरंच कसा बनतो ते नंतर कळलं. अ ते ज्ञ लिहून भागत नाही. काना, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, अंक मिळून शेकडो आकृत्या लागतात, आणि मात्रा प्रत्येक अक्षरावर नीट बसते का हे तपासावं लागतं. खरा कारागीर तुमच्या माणसाकडून पानंच्या पानं लिहून घेतो. दोन फोटोंत फॉन्ट होत नाही. असं काम कोणी देऊ केलं तर 'क्ष, त्र, श्र, ष्ट, र्‍या लिहून कधी घेणार?' एवढंच विचारा.

शिवाय 'मसाला' आणि 'शेव' टाइप करून बघा. आपला 'ल' पाकळीचा, 'श' देठाचा. २०२२ च्या शासन निर्णयातही तीच रूपं आहेत. पुष्कळ फॉन्टांत आधी हिंदी वळणाची रूपं येतात. मराठी रूपं फॉन्टमध्ये असली तरी पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहावं लागतं, तेव्हाच ती दिसतात.

त्याने हाच फॉन्ट भाव, वजनं, फोन नंबर, सगळीकडे फासला होता. असे फॉन्ट मोठ्या शीर्षकासाठी असतात. लहान आकारात सुरतेच्या एका ताईंनी १ चा ९ वाचला आणि भलत्याच नंबरवर पैसे पाठवायच्या बेतात होत्या. आता मजकुराला आम्ही 'मुक्ता' लावलाय, तोही फुकट आणि वाचायला स्वच्छ. पाकिटावरच्या नावापुरतं सासूबाईंनी कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने 'बिबडे' लिहिलं, ते स्कॅन करून चित्र म्हणून वापरलं. एका शब्दासाठी फॉन्टची गरजच नसते.

फसवणूक तिथे थांबली नाही. वर्ष उलटल्यावर ३,५०० रुपये 'फॉन्ट नूतनीकरण' म्हणून मागितले, नाही दिले तर साइट बंद करीन म्हणाला. ओपन फॉन्ट लायसन्सला नूतनीकरण नसतं, एक रुपयाही लागत नाही. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं, त्या जोरावर तो बोलत होता. डोमेन तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावावर आहे का ते आजच बघा.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवलेल्या लहान धंद्यालाही ग्राहक कायद्याचं संरक्षण मिळतं, 'तुम्ही व्यापारी, तुम्ही ग्राहक नाही' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. 'तुमच्या आईच्या अक्षराचा फॉन्ट' म्हणून अमळनेर, पारोळा, धुळे भागात कोणी पैसे घेतले असतील, तर पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका, भाच्याने केली तशी फॉन्टच्या नावाची तपासणी करून तिचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार नोंदवा. एकाच माणसाविरुद्ध चार घरांच्या पावत्या निघाल्या तर त्याला 'गैरसमज झाला' म्हणून हात झटकता येणार नाहीत.