‘नाव कोरून देतो’ म्हणाला आणि बासरीच बदलली : ८,१०० युआनचा फटका

आधी हिशेब मांडतो. दीझी, म्हणजे आडवी चिनी बासरी, ४,८०० युआन. श्याओ, म्हणजे उभी चिनी बासरी, २,६००. लाकडी पेटी ३८०. नाव कोरायचे २००. दीमोची, म्हणजे दीझीवर चिकटवायच्या पातळ पडद्यांची पाकिटं आणि डिंकाची कांडी १२०. एकूण ८,१०० युआन, म्हणजे एप्रिल २०२४ च्या दराने साधारण ९३ हजार रुपये. त्या बदल्यात हाती आलेल्या दोन्ही वाद्यांची मिळून किंमत जेमतेम दोनशे युआन. हे लिहायला मला वर्षभर लाज वाटत होती. आता लिहितोय, कारण परवा इथे चीनमधल्याच एका ओळखीच्या मराठी कुटुंबाने विचारलं, “तुम्ही बासरी वाजवता ना, सुट्टीत आम्ही चाललोय, चिनी बासरी कुठून घ्यावी?” आणि त्यांनी ज्या गावाचं नाव घेतलं ते तेच होतं, जिथे मी फसलो.

मी नवखा नव्हतो, हे आधी स्पष्ट करतो. बावीस वर्षं बासरी वाजवतोय, पुण्यात गुरुजींकडे रीतसर शिकलोय. नोकरीनिमित्त चीनमधल्या सुझोऊ शहरात राहून चौदा महिने झाले होते, बाजारात घासाघीस करण्याइतकी चिनी येत होती. चहाला चला म्हणून परदेशी माणसाला आत नेतात आणि हजारोंचं बिल लावतात, हा प्रकार इकडे आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कळतो. मलाही माहीत होता. पण मला कोणी बोलावलंच नाही. मीच गेलो.

६ एप्रिल, छिंगमिंगच्या, म्हणजे चिनी पितरांच्या सणाच्या सुट्टीचा शेवटचा दिवस. सुझोऊजवळच्या एका कालव्यांच्या जुन्या गावात दगडी पुलाच्या पायऱ्यांवर एक मुलगी दीझी वाजवत बसली होती. समोर पैशांचं भांडं नाही, फलक नाही. मी थांबलो, ऐकलं, आणि माझ्या तोंडून निघालं की मीही बासरी वाजवतो. तिने लगेच आपली दीझी रुमालाने पुसून माझ्या हातात दिली. मी यमनचे चार सूर लावले. ती उठून उभी राहिली आणि मला ‘लाओशी’ म्हणू लागली. लाओशी म्हणजे सर, गुरुजी. बावीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. तिथेच मी फसलो, हे आज कळतंय.

बासरी येणाऱ्याला दीझी पटकन जवळची वाटते. सहा बोटांची भोकं, सहाही बंद केली की मंद्र पंचम, वरची तीन बंद केली की सा. पट्टीही त्या तीन बोटांच्या सुरावरूनच ओळखतात. फरक एकच, पण मोठा. फुंकायच्या भोकाच्या आणि पहिल्या बोटाच्या मधे आणखी एक भोक असतं, त्यावर बोरूच्या आतला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा चिकटवतात. तो दीमो. दीझीचा तो किंचित झणझणणारा, उजळ आवाज त्या पडद्याचा. हे सगळं मी वाचलेलं होतं, म्हणून मला वाटलं मला वाद्य कळतं. वाचलेलं कळणं आणि विकत घेताना कळणं यात किती अंतर आहे ते ८,१०० युआन देऊन समजलं.

मुलगी म्हणाली, तिचे गुरू इथेच मागच्या गल्लीत वाद्यं बनवतात, विकत नाहीत, फक्त वाजवणाऱ्यांना देतात. ‘विकत नाहीत’ हे शब्द ऐकले की आल्यापावली परत फिरा. जो विकत नाही त्याच्याकडे पेमेंटचा कोड भिंतीवर तयार नसतो. त्याच्याकडे होता.

कारागीर पस्तिशीच्या आतलाच असेल. मी चाओ सोंगतिंग यांचं नाव काढलं, तर म्हणाला, मी त्यांच्याकडे दहा वर्षं होतो. चाओ सोंगतिंग म्हणजे दीझीच्या जगातलं केवढं नाव! वादक, शिक्षक, वाद्याच्या ध्वनिशास्त्रावर काम केलेला माणूस. जन्म १९२४ चा, आणि ते २००१ साली गेले. समोरचा माणूस तेव्हा शाळेत असणार. बोटांवर करण्याएवढा हिशेब होता. मी केला नाही, कारण तेव्हा माझ्या हातात त्याने दिलेली दीझी होती आणि ती खरोखर सुंदर होती.

ते मी आजही नाकारत नाही. डी पट्टीची लांब दीझी, दक्षिणेकडची, कुंछू नाट्यसंगीतात साथीला असते ती छूदी. उत्तरेकडची बांगदी आखूड आणि किंचाळणारी असते, तिच्यावर आपला आलाप जमत नाही. ही मात्र भरदार होती. गव्हाळ रंग, हाताला जड, चौथ्या भोकाच्या बाजूने केसासारखी एक काळी रेघ. खालचा पंचम असा लागला की अंगावर काटा आला. गुरुजींना सत्तरावं वर्ष लागलं होतं, जुलैत गुरुपौर्णिमा होती. मी मनात तेव्हाच ठरवून टाकलं.

फोटो काढू दिला नाही. ‘गुरूंच्या खोलीत फोटो चालत नाही.’ लक्षात ठेवा, वाद्याचा फोटो काढू न देणारा माणूस ते वाद्य तुम्हाला देणार नसतो.

सोबत श्याओ घ्यायला लावली. श्याओ म्हणजे उभी धरून वाजवायची, मऊ आवाजाची. ही म्हणे श्यांगफेई बांबूची, अंगावर तपकिरी डाग असलेल्या. मग ती कथाही सांगितली. सम्राट शुन वारला तेव्हा त्याच्या दोन राण्या, अहुआंग आणि न्युयिंग, श्यांग नदीकाठी रडल्या आणि त्यांच्या आसवांचे डाग बांबूवर उमटले. कथा खरीच जुनी आहे. डाग खोटे होते.

आणि आता तो क्षण, ज्याचा विचार केला की अजून रात्री झोप उडते. पैसे देऊन झाल्यावर तो म्हणाला, कोणाला देणार आहात? गुरूंना? मग नाव कोरून देतो, तुमच्या लिपीत लिहून द्या. मी चिठ्ठीवर गुरुजींचं पूर्ण नाव देवनागरीत लिहून दिलं. दोन्ही वाद्यं घेऊन तो आत गेला. मुलीने मला चहा ओतून दिला. आतून पंख्यासारखी घरघर येत होती. पंधरा-वीस मिनिटांत तो बाहेर आला, हातात पेटी, पेटीला लाल फीत, पक्की गाठ मारलेली. म्हणाला, लाख ओली आहे, उद्यापर्यंत उघडू नका, नाहीतर अक्षरं पुसतील.

मला लाखेचा वास आला. ताज्या लाखेचा. ज्या माणसाने कधी देवनागरी पाहिली नाही, तो हाताने, सुरीने, पंधरा-वीस मिनिटांत दोन वाद्यांवर अकरा-अकरा अक्षरं कोरतो आणि रंग भरतो? हा प्रश्न माझ्या मनात आला होता. खरंच आला होता. पेटी हातात होती, फीत सोडायला दहा सेकंद लागली असती. पण मुलगी नमस्कार करत होती, तो वाकून निरोप देत होता, मला ‘लाओशी’ म्हणत होता, आणि त्यांच्यासमोर पेटी उघडून तपासणं मला उद्धटपणाचं वाटलं. भिडेपोटी. निव्वळ भिडेपोटी ९३ हजार रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी उघडली. गव्हाळ रंग तोच, पण काळी रेघ नाही. तरीही मी स्वतःला समजावलं की लाखेखाली झाकली असेल. फुंकून पाहिलं, आवाज पातळ. वाटलं, पडदा नीट बसला नसेल. मी चार दिवस पडदे बदलत बसलो! बोटांनी चुरून आडव्या बारीक चुण्या पाडायच्या, भोकाभोवती डिंक लावायचा, अलगद ठेवायचा. फार ताणला तर आवाज बसतो, सैल राहिला तर पतंगासारखा फडफडतो. एकूण सोळा पडदे वाया घालवले, दोष माझ्या हातात आहे असं समजून.

शेवटी २० एप्रिलला हांगझोऊजवळच्या चोंगतायला गेलो. दीझी बांबूची, आणि त्यातही कडू बांबूची, त्यासाठी चोंगताय प्रसिद्ध आहे. चिनी बासऱ्यांचं माहेरघरच ते. घरोघरी बांबूच्या मोळ्या, कोणी विस्तवावर शेकून वाकडी कांडी सरळ करतंय, कोणी भोकं पाडतंय. एका म्हाताऱ्या कारागिराला पेटी दाखवली. त्याने दीझी वाजवलीसुद्धा नाही. उलटी करून टोकाकडून आत पाहिलं, भिंतीची जाडी एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. टोकाची पांढरी कडी, जी मला बैलाच्या हाडाची म्हणून दिली होती, तिला तापलेली सुई लावली. हाड जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. याला प्लास्टिकचा आला. मग त्याने भिंग दिलं आणि अक्षरं दाखवली. सुरीने कोरलेली रेघ तळाशी निमुळती असते. ही सपाट होती, कडा करपलेल्या. लेसर. ती घरघर लेसरची होती. आणि गुरुजींच्या नावातला रफार एक अक्षर सोडून पुढच्या अक्षरावर बसलेला.

श्याओचे डाग त्याने ओल्या फडक्याने घासले. फडकं तपकिरी झालं. खऱ्या डागाची कड गडद आणि आतला भाग फिकट असतो, एका डागासारखा दुसरा नसतो. माझ्या श्याओवर एकसारखे डाग ओळीने होते. दीझीची किंमत त्याने शंभर-सव्वाशे सांगितली, श्याओची ऐंशी.

म्हणजे ‘नाव कोरून देतो’ या एका वाक्यात त्या माणसाने तीन कामं केली. माल बदलला. पेटी बंद ठेवायला सबब मिळवली. आणि माल मागणीनुसार बनवलेला ठरवला, ज्याचा पुढे तक्रारीच्या वेळी त्याने उपयोग केला.

आता कचेऱ्यांबद्दल. २१ तारखेला चौकीत गेलो. अडीच तास बसवलं. मग एका अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, हा ‘आर्थिक तंटा’ आहे, फसवणूक नाही, ग्राहक विभागाकडे जा. मी म्हटलं, दाखवली एक, दिली दुसरी, याला फसवणूक नाही तर काय म्हणतात? म्हणाला, पहिलीचा फोटो आहे? नव्हता. मग तो मोबाइल बघायला लागला. माझी तक्रार लिहूनसुद्धा घेतली नाही!

ग्राहक तक्रारीसाठी देशभर १२३१५ हा नंबर आहे. लावला, तक्रार घेतली, स्थानिक कार्यालयाकडे पाठवली. कामाचे सात दिवस स्वीकारायलाच गेले, मधे मे दिनाची सुट्टी. मग त्या कार्यालयातल्या बाईंनी दुकानाचं नोंदणीकृत नाव विचारलं. मी म्हटलं, दारावर पाटी नव्हती. पावती? पावती म्हणजे फापियाव, करखात्याची अधिकृत पावती. मला त्याऐवजी लाल शिक्क्याचं ‘प्रमाणपत्र’ मिळालं होतं. बाई म्हणाल्या, पावती नाही, दुकान नोंदणीत नाही, मग आम्ही कोणावर कारवाई करायची? म्हणजे विनानोंदणी दुकान चालवणारा सुटतो, कारण तो विनानोंदणी आहे! पत्ता दिला, नकाशावर खूण करून दिली, पैसे कोणाच्या खात्यात गेले त्याचा स्क्रीनशॉट दिला. एकदा फोन केला त्यांनी. त्याने सांगितलं, ग्राहकाने स्वतः वाजवून पाहिली, स्वतः नाव कोरून घेतलं. झालं. कायद्यात फसवणूक सिद्ध झाली तर पैसे परत आणि वर तिप्पट भरपाई आहे, हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘सिद्ध झाली तर’. ४५ कामाचे दिवस संपले, ९ जुलैला मेसेज आला, मध्यस्थी निष्फळ, प्रकरण बंद. प्रत्यक्ष त्या गल्लीत पाऊल टाकायला एकही माणूस गेला नाही. सुझोऊतून बसने पाऊण तासाची वाट आहे ती.

बँकेने तर दोन मिनिटांत वाट लावली. पिन तुम्हीच टाकलात, व्यक्तीला व्यक्तीने पैसे पाठवलेत, यात खरेदी कुठे आहे?

म्हणून सांगतो, दुकानाच्या कोडवर पैसे द्या, माणसाच्या खात्यावर नाही. फापियाव मागा, तो मिळेपर्यंत पैसे देऊ नका. ऑनलाइन घेतली तर सात दिवसांत कारण न देता परत करता येते, पण नाव कोरलेली, मागणीनुसार बनवलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे, म्हणून नाव कधीही कोरून घेऊ नका. आधी वाद्य घरी आणा, महिनाभर वाजवा, मग ज्याला हवं त्याच्याकडून कोरून घ्या.

आणि वाजवून बघताना पडद्यावर विसंबू नका. चांगला पडदा सुमार दीझीलाही लाली लावतो. पडदा काढा, त्या भोकावर साधी चिकटपट्टी लावा आणि फुंका. मग बांबूचा स्वतःचा आवाज ऐकू येतो. खालचा पंचम आणि वरच्या सप्तकातला पंचम मोबाइलच्या ट्यूनरवर जुळवून बघा. मधला पितळी सांधा ओढून पट्टी थोडी उतरवता येते, पण सप्तकाचा बिघाड त्याने दुरुस्त होत नाही. शिकणाऱ्याला शंभर ते तीनशे युआनची दीझी पुरते. ‘चाळीस वर्षं मुरवलेला बांबू’ असं कोणी म्हटलं तर त्याला काही विचारू नका, निघा. ते तुम्हाला तपासता येणार नाही, आणि म्हणूनच तो तसं सांगतो.

चोंगतायच्या त्याच म्हाताऱ्याकडून मी ६८० युआनला डी पट्टीची दीझी घेतली, फापियावसकट, नावाशिवाय. तीच गुरुपौर्णिमेला पुण्याला नेली. गुरुजींना यातलं काहीच सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्या गावात पुन्हा गेलो. गल्लीतल्या त्या दाराला नवा रंग दिलाय. पुलाच्या पायऱ्यांवर दुसरी मुलगी होती, निळ्या कापडाची पिशवी, हातात दीझी, समोर भांडं नाही. शनिवार, दुपारचे तीन. एक म्हातारं परदेशी जोडपं तिच्यापुढे उभं होतं आणि त्यातल्या आजोबांच्या हातात तिची दीझी होती. मी जवळ जाऊन त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं. ती मुलगी दीझी घेऊन एक शब्द न बोलता पुलापलीकडे निघून गेली.