छाटणीसाठी बोलावलेल्या सेवेने काय छाटले आणि काय छाटू दिले नाही

घराच्या आवारात दोन जुनी झाडे आहेत. एक आंबा, ज्याची जाड फांदी थेट छपरावर आलेली आहे, आणि दुसरा फाटकाजवळचा गुलमोहर. मागच्या पावसाळ्यात गुलमोहराची मांडीएवढी फांदी फारसा वारा नसतानाच, भिजलेल्या पालवीच्या भाराने मोडून पडली. गुलमोहराचे लाकूड मुळातच ठिसूळ असते, तरीही एवढे निमित्त आमची झोप उडवायला पुरेसे होते. म्हणून यंदा पाऊस लागण्यापूर्वी झाडांची तपासणी आणि छाटणी करणारी एक व्यावसायिक सेवा बोलावली. त्या कामावरून आता एक अख्खा पावसाळा गेला आहे, त्यामुळे हा अभिप्राय पुरेशा अनुभवानंतर लिहीत आहे.

पहिल्या भेटीला आलेल्या तज्ज्ञाजवळ करवत नव्हती. नायलॉनच्या डोक्याची हातोडी, एक बारीक लोखंडी सळई आणि दुर्बीण एवढेच सामान घेऊन त्यांनी दोन तास दोन झाडांभोवती घालवले. आंब्याच्या बुंध्याशी आम्ही वर्षानुवर्षे माती आणि पालापाचोळा रचत आलो होतो. ती रास त्यांनी आधी हातांनी बाजूला केली, कारण मुळे जिथे खोडातून फाकतात तो भाग उघडा राहिला पाहिजे, नाहीतर पावसात तिथली साल सतत ओली राहून कुजते. मग गुलमोहराच्या बुंध्याभोवती हातोडी वाजवत ते फिरले. तीन बाजूंनी ठणठणीत आवाज आला आणि फाटकाकडच्या बाजूला मडके वाजावे तसा पोकळ. त्याच बाजूला जमिनीलगत लाखेसारखी चकाकणारी तांबूस, टणक बुरशी वाढलेली होती, जी मला आजवर शोभेची वाटत होती. ती गॅनोडर्मा निघाली. बाहेर दिसते ते या बुरशीचे फळ असते आणि ते दिसेपर्यंत आतले लाकूड बरेच कुजलेले असते; त्यामुळे ते खरवडून टाकल्याने झाडाचा काहीही फायदा होत नाही.

येथे एखाद्याने झाड तोडण्याचाच सल्ला दिला असता. यांनी तसे न करता दुसऱ्या भेटीत सुईसारखे बारीक पाते लाकडात शिरवून त्याला होणारा विरोध मोजणारे यंत्र लावले, निरोगी लाकडाची जाडी किती उरली आहे ते पाहिले, वाऱ्याच्या दिशेला मुळांजवळ जमिनीला तडे गेले आहेत का तेही तपासले आणि मगच झाड ठेवता येईल, मात्र त्याचा वरचा विस्तार टोकांकडून थोडा कमी करून वर्षातून एकदा तपासणी करावी लागेल, असे सांगितले.

मी मात्र शेंडाच उडवून टाकण्याचा आग्रह धरला होता. तो त्यांनी साफ नाकारला, आणि या सेवेचे पैसे मला सर्वाधिक वसूल झालेले वाटतात ते या नकारामुळेच. शेंडा उडवलेल्या झाडाच्या रुंद कापांतून कूज आत उतरते; शिवाय खाली फुटणारे दाट, सरळसोट फुटवे खोडाच्या आतून न येता सालीलगत चिकटलेले असतात, आणि तेच चारपाच वर्षांत जड होऊन वादळात फाटून निघतात. एका वेळी पालवीचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा, आणि झाड म्हातारे किंवा आजारी असेल तर त्याहूनही कमी, असा त्यांचा हिशेब होता.

आंब्याची छपरावरची फांदी कापताना मी खालीच उभा होतो. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालच्या बाजूने तिसऱ्या हिश्शापर्यंत काप घेतला, मग त्याच्या थोडे पुढे वरून करवत चालवली, त्यामुळे फांदी दोराला लटकून खाली आली आणि खोडाची साल सोलली गेली नाही. उरलेले खुंट शेवटी, फांदीच्या तळाशी जो सुरकुतलेला फुगवटा असतो तो शाबूत ठेवून, त्याच्या बाहेरून काढले. कापाला डांबर किंवा गेरू लावायचा नाही का, असे विचारल्यावर नाही असे उत्तर मिळाले. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी 1970 च्या दशकात असंख्य खोडे चिरून दाखवून दिले की झाड जखमेभोवती आपल्याच पेशींच्या भिंती उभारून कूज कोंडून ठेवते. तो फुगवटा कापला तर ही भिंत कमकुवत होते आणि वरून फासलेला रंग कूज थांबवत नाही. आज त्या कापाभोवती सालीचे गुबगुबीत कडे चढू लागले आहे.

आता तक्रारी. दुसऱ्या दिवशी आलेला एक कामगार पायाला लोखंडी काटे बांधून आंब्यावर चढू लागला, तेव्हा त्याला मलाच थांबवावे लागले. जिवंत ठेवायच्या झाडाला असे काटे टोचायचे नसतात हे त्यांच्याच तज्ज्ञाने मला आदल्या दिवशी सांगितले होते. याहून गंभीर चूक म्हणजे ओंडके नेण्यासाठी त्यांनी वळवाच्या सरीने ओल्या झालेल्या जमिनीवरून, थेट आंब्याच्या सावलीखालून, जड गाडी आणली. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात आणि त्यांना हवा लागते. ओली माती दाबली की ती हवा जाते. चाकांच्या त्या दोन चरांत पुढे पावसाळाभर पाणी साचून राहिले.

तीन वेळा फोन केल्यावर ते आले, काट्याने माती भोसकून सैल केली, भोकांत कंपोस्ट भरले आणि वर लाकडाच्या चिपांचा तीन इंच थर, खोडापासून वीतभर अंतर सोडून, पसरला. या कामाचे त्यांनी वेगळे पैसे लावले, ते मी दिलेले नाहीत. चरांवरच्या बाजूची आंब्याची पालवी अजूनही दुसऱ्या बाजूपेक्षा विरळ आहे. पुढच्या तपासणीला मी त्यांनाच बोलावणार आहे, मात्र गाडी फाटकाबाहेर उभी राहील असे आधी लिहून घेऊन.