‘आजचे कार्यक्रम’: विद्यार्थी मंडळांसाठी फुकट आणि हुकमी

पुण्यातल्या मराठी दैनिकांच्या शहर पानांवर दिवसभरातल्या कार्यक्रमांची यादी येते. वाङ्मय मंडळ, राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) पथक, नाट्यगट यांना इतकी हुकमी फुकट प्रसिद्धी दुसरीकडे नाही. व्याख्यान, रक्तदान शिबिर, प्रदर्शन यांसाठी या यादीला पाचपैकी साडेचार गुण. बाहेरच्यांना प्रवेश नसेल, तर तिथे जागा मागूच नये.

यादीचा साचा ठरलेला असतो, मजकूर त्याच क्रमाने पाठवा. ‘वाङ्मय मंडळ : व्याख्यान : विषय – मराठी कथा : महाविद्यालयाचे सभागृह : सायं. ५.३०’ अशी ओळ उपसंपादक जशीच्या तशी लावू शकतो. दोन पानी पत्रातून वेळ शोधायला लागली, तर नोंद मागे पडते. तारखेसोबत वार हवाच. दोन्ही जुळले नाहीत की नोंद गळते, खात्री करायला कुणाला सवड नसते.

मेल तीन-चार दिवस आधी जावी आणि मजकूर मेलमध्येच युनिकोडमध्ये असावा. कृतिदेवमधली वर्ड फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर अगम्य दिसते. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला की जोडाक्षरं फुटतात, आणि शंभर मेल उघडणारा माणूस ती दुरुस्त करत बसत नाही.

झालेल्या कार्यक्रमाच्या बातमीला मात्र तीनच गुण, कारण ती लागेलच असं नाही. लेटरहेडवर दीडशे शब्द, समन्वयक प्राध्यापकांची सही, त्याच दिवशी सहाच्या आत. पहिल्या वाक्यात किती बाटल्या रक्त जमलं ते सांगा. पाहुण्यांचं स्वागत शेवटी. फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, जेपीजी वेगळी जोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर तो आकुंचित होऊन छपाईत धूसर येतो. ‘डावीकडून’ करून पूर्ण नावं द्या. दीपप्रज्वलनाचे फोटो ढिगाने येतात. रक्त देणाऱ्या मुलीचा चेहरा दिसणारा एक फोटो त्यांच्यापेक्षा सरस. मागे प्रायोजकाचा मोठा फलक दिसला, की जाहिरात विभागाकडे बोट दाखवलं जातं.

जोडीला सामुदायिक रेडिओ धरा, जसं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी, १०७.४ एफएम. निवेदन साधारण साठ शब्दांचं लिहा, ते अर्ध्या मिनिटात बसतं. फोन नंबर घालू नका, ऐकणारा तो लिहून घेत नाही. त्या जागेत स्थळ आणि वेळ दोनदा म्हणा.