के-सॅड्स-पीएल: बायपोलर पालकांच्या मुलांचा अभ्यास करताना कितपत पुरते?

के-सॅड्स-पीएल ही मुलांच्या मानसिक आजारांचं निदान करण्यासाठी ठरावीक चौकटीत घ्यायची मुलाखत. निदानापुरती ती भक्कम आहे. आई किंवा वडिलांना बायपोलर (मूड कधी अति चढतो, कधी खोल उतरतो असा आजार) असलेल्या मुलांचा पाठपुरावा करायचा असेल, तर मात्र ती एकटी पुरत नाही.

1997 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधकांच्या गटाने 6 ते 18 वयोगटासाठी ती प्रसिद्ध केली. आधी चाळणीची मुलाखत, त्यात 82 लक्षणं. जिथे काही सापडेल तिथेच पुढची पुरवणी उघडायची. अशा पाच पुरवण्या आहेत. लहान मूल असेल तर आधी पालकांशी बोलायचं, किशोरवयीन असेल तर आधी त्याच्याशी. निरोगी मुलाला पाऊणएक तास, आजारी मुलाला सव्वा तास, आणि तेवढाच वेळ पालकांना वेगळा. दुपारच्या एका सत्रात दोन कुटुंबं बसवायचा हट्ट करू नये.

खरी अडचण गुणांकनात आहे. बहुतेक लक्षणांना 1 म्हणजे नाही, 2 म्हणजे लक्षण आहे पण निदानात धरण्याच्या उंबरठ्याच्या अलीकडे, 3 म्हणजे पलीकडे. माहितीच नसेल तर 0. जोखमीतल्या मुलांचं सगळं नाट्य त्या 2 मध्ये घडतं, आणि वर्षातून दोनदा उसळणारा मूड व रोज थोडा हलणारा मूड दोन्ही तिथेच कोंबले जातात. पिट्सबर्गच्या बायपोलर पालकांच्या मुलांच्या अभ्यासात इतर आजारांसाठी पीएल वापरली, पण मॅनियासाठी, म्हणजे मूड अति चढण्याच्या अवस्थेसाठी, के-सॅड्सची वेगळी, बारीक पायऱ्यांची मापनश्रेणी घेतली. त्याच अभ्यासाच्या 2009 च्या अहवालात अशा 388 मुलांपैकी 10.6 टक्क्यांत बायपोलर गटातले आजार दिसले, पालकांना बायपोलर नसलेल्या, तुलनेच्या 251 मुलांत 0.8 टक्के.

मॅनियाचा भाग अननुभवी माणसाच्या हाती देऊ नये. लक्ष विचलित होणं, बडबड, चुळबुळ ही एडीएचडीतही (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) असतात. मूड चढला त्याच दिवसांत ती वाढली, तरच मॅनियात धरायची. ‘खूप आनंदात असतोस का?’ एवढंच विचारलं तर दहा वर्षांचं कुठलंही पोर हो म्हणेल. कधी, किती दिवस, झोप किती, शाळेत कुणाच्या लक्षात आलं, हे विचारल्याशिवाय 3 लिहू नका. मराठीत विचारताना ‘चिडचिड’ शब्द जपून वापरा, भुकेल्या मुलाचीही चिडचिडच होते.

पूर्वग्रह नको म्हणून मुलाखत घेणाऱ्याला पालकांचं निदान कळू द्यायचं नाही, हे कागदावर सोपं. मूल मध्येच ‘बाबा तेव्हा दवाखान्यात होते’ म्हणून जातं. तसं झालं की नोंद करा आणि त्या मुलाचे अंतिम गुण दुसऱ्याकडून तपासून घ्या.